शोगी शिकायची, पण कुठल्या पटापासून?

बुद्धिबळ येणाऱ्याला शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, पहिल्यांदा बघताना दोन गोष्टींची धास्ती वाटते. एक म्हणजे अक्षरं. सगळे मोहरे एकाच रंगाचे, चपटे, पाचकोनी आणि प्रत्येकावर जपानी अक्षरं. दुसरी पटाची. ९ ओळी, ९ रांगा, ८१ घरं आणि दोन्ही बाजूंचे मिळून ४० मोहरे. पण नवशिक्या खरा अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. शोगीत मारलेला मोहरा डावातून जात नाही. तो मारणाऱ्याच्या हातात येतो आणि पुढे आपली पाळी असताना, चाल करण्याऐवजी, तो कुठल्याही रिकाम्या घरात आपला म्हणून उतरवता येतो. मोहऱ्यांना दोन रंग नसतात ते यामुळेच. टोक ज्याच्याकडे रोखलेलं, त्याच्यावर तो चालून निघालेला, इतकी साधी ओळख.

या एका नियमाने बुद्धिबळातली सवय उलटीपालटी होते. बुद्धिबळात मारामारी झाली की पट मोकळा होतो, डाव शांत होतो. शोगीत मारामारी झाली की दोघांच्या हातात दारूगोळा येतो आणि डाव पेटतो. शेवटी दोन राजे आणि एक प्यादं उरलंय, अशी स्थिती इथे येतच नाही. त्यामुळे डाव बरोबरीत सुटणंही दुर्मीळ.

म्हणून सुरुवात कुठून करायची हे ठरवताना मी एकच कसोटी लावतो: कोणत्या पटावर हातातल्या मोहऱ्यांचा विचार लवकर अंगवळणी पडेल? पर्याय तीन आहेत. १२ घरांचा, ३० घरांचा आणि पूर्ण ८१ घरांचा.

१२ घरं: दोबुत्सु शोगी

दोबुत्सु म्हणजे प्राणी. ३ गुणिले ४ चा हा पट मादोका किताओ या व्यावसायिक महिला शोगीपटूने २००८ च्या सुमारास मुलांसाठी रचला आणि चित्रं काढली माइको फुजिता या दुसऱ्या व्यावसायिक शोगीपटूने. प्रत्येकाकडे चारच मोहरे: सिंह, जिराफ, हत्ती आणि पिल्लू. सिंह राजासारखा, जिराफ आडवा-उभा एक घर, हत्ती तिरपा एक घर, पिल्लू पुढे एक घर. पिल्लू चालत शेवटच्या रांगेत गेलं की कोंबडी होतं. कुठे जाता येतं ते मोहऱ्यावरच ठिपक्यांनी दाखवलेलं असतं, त्यामुळे पाठ करायला काहीच नाही. समोरचा सिंह पकडला की जिंकलात, किंवा आपला सिंह पलीकडच्या रांगेत पोचला आणि तिथे लगेच मारला जाण्याचा धोका नसला तरी जिंकलात.

दोन्ही पिल्लं सुरुवातीलाच समोरासमोर असतात, त्यामुळे बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या चालीतच मारामारी होते आणि हातात पिल्लू येतं. आता हे कुठे उतरवू, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला पडतो. आपल्या कसोटीवर हा पट झकास उतरतो. एका संध्याकाळी दहा डाव सहज होतात आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला तर यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. हा खेळ संगणकाने पूर्ण सोडवलेला आहे: दोघेही बिनचूक खेळले तर दुसऱ्या पाळीचा खेळाडू ७८ चालींत जिंकतो. घरी खेळताना याने काही बिघडत नाही, कारण बिनचूक कोणी खेळत नाही. पण लांब पल्ल्याचा मोहरा इथे एकही नाही आणि राजाभोवती तटबंदी करायला जागाच नाही. मोठ्या माणसाने इथे एक संध्याकाळ घालवावी, महिना नव्हे.

३० घरं: गोरोगोरो

याबद्दल फारसं कोणी बोलत नाही आणि मला तर हाच टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो. पट ५ गुणिले ६. प्रत्येकाकडे आठ मोहरे: राजा, दोन सोनं (सुवर्ण-सेनापती), दोन चांदी (रौप्य-सेनापती), तीन प्यादी. प्राण्यांच्या संचात सोन्याऐवजी कुत्रा आणि चांदीऐवजी मांजर असतं, चाली त्याच.

हत्ती, उंट, घोडा नाही म्हणून हा पट फिका वाटेल. पण बुद्धिबळवाल्याला हत्ती-उंट शिकवावे लागतच नाहीत. ते शोगीतही आपल्या ओळखीच्या चालीनेच चालतात. परके वाटतात ते सोनं आणि चांदी, आणि गोरोगोरोत नेमके तेच उरतात.

सोनं एकेक घर चालतं: पुढे, पुढच्या दोन्ही तिरप्या घरांत, दोन्ही बाजूंना आणि सरळ मागे. मागची तिरपी घरं त्याला बंद. चांदी चारही तिरप्या घरांत आणि सरळ पुढे जाते. बाजूला किंवा सरळ मागे जात नाही. चांदीची चाल लक्षात ठेवायला आपल्याकडचीच एक खूण आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातल्या बुद्धिबळाचं वर्णन करताना अल-बिरुनी या विद्वानाने तेव्हाच्या हत्तीची चाल अगदी हीच सांगितली आहे: चार कोपऱ्यांत चार पाय आणि पुढे एक सोंड. दोन्ही खेळांची मुळं चतुरंगापर्यंत जातात, त्यामुळे हे साम्य पाहून मला मनापासून आनंद होतो. चांदी दिसली की सोंड आणि चार पाय आठवा, चाल चुकणार नाही.

आता दोघांमधला फरक मात करताना पाहा. समोरचा राजा त्याच्या शेवटच्या रांगेत आहे आणि त्याच्यासमोर एक घर सोडून तुमचं प्यादं उभं आहे. मधल्या घरात हातातलं सोनं उतरवा. राजाच्या दोन्ही बाजूंची घरं सोन्याच्या माऱ्यात, सोन्याच्या दोन्ही बाजूंची घरंही माऱ्यात, आणि सोन्याला प्याद्याचा जोर असल्यामुळे राजा ते मारू शकत नाही. दुसऱ्या कुठल्या मोहऱ्याने ते सोनं मारता येत नसेल, तर मात. त्याच घरात चांदी उतरवून बघा: राजा तिच्या बगलेतून निसटतो. सोनं शेवटच्या घावासाठी राखून ठेवा, अशी शोगीत म्हणच आहे, आणि तिचा अर्थ या छोट्या पटावर दोन-तीन डावांत उमगतो.

बढतीही इथे नीट शिकता येते. पलीकडच्या दोन रांगा बढतीच्या. प्यादं आणि चांदी तिथे शिरली की मोहरा उलटा करता येतो आणि मग तो सोन्यासारखा चालू लागतो. बढती मिळालेलं प्यादं, म्हणजे 'तोकिन', फार लाडकं, कारण काम सोन्याचं, पण मारलं गेलं तर समोरच्याच्या हातात पडतं साधं प्यादंच.

८१ घरं: खरी शोगी

थेट इथे उडी मारणारे पुष्कळ आहेत आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. नियम आठवडाभरात पाठ होतात. प्यादी नऊ, एक घर सरळ चालतात आणि सरळच मारतात, पहिल्या चालीत दोन घरं नाहीत. देशी पद्धतीने खेळलेल्यांना प्याद्याचं एकच घर चालणं नवं वाटणार नाही. हत्ती एक, उंट एक. घोडा अडीच घर उडी मारतो पण फक्त पुढच्या दोन घरांत, मागे कधीच नाही. दोन कोपऱ्यांत भाले, जे सरळ पुढेच धावतात. वजीर नाहीच. किल्लेकोट नावाची वेगळी चाल नाही. राजाला एकेक पाऊल चालवत बाजूला न्यायचं आणि सोनं-चांदीची तटबंदी हाताने रचायची.

बढतीचा पट्टा इथे पलीकडच्या तीन रांगांचा. त्यात शिरताना, आत फिरताना किंवा बाहेर पडताना बढती घेता येते. हत्तीला एकेक तिरपं घर जास्त मिळतं, उंटाला आडवं-उभं. चांदी, घोडा, भाला, प्यादं यांचं सोनं होतं. राजा आणि सोनं यांना बढती नाही. हातातला मोहरा मात्र नेहमी साध्या बाजूनेच उतरवायचा, पट्ट्याच्या आत उतरवला तरी.

आता बंधनं, जी सगळ्यात छोट्या पटाकडून आलेल्याला नेमकी ठेचकाळवतात. एका उभ्या ओळीत आपलं एक साधं प्यादं असताना दुसरं उतरवायचं नाही. याला 'निफु' म्हणतात. प्यादं उतरवून त्याच चालीत मात द्यायची नाही. पटावरचं प्यादं पुढे ढकलून दिली तर चालते, दुसरा मोहरा उतरवून दिली तरी चालते. जिथून पुढे कधीच चाल नाही अशा घरात मोहरा उतरवायचा नाही. सामन्यात यातली एक चूक म्हणजे तिथल्या तिथे हार. २०१५ साली जपानी वाहिनी एनएचकेच्या चषक स्पर्धेत, टीव्हीवर दाखवलेल्या डावात, आठव्या दानच्या (दान म्हणजे श्रेणी) व्यावसायिकाकडून निफु झाली, त्यामुळे तुमच्याकडून झाली तर मनाला लावून घेऊ नका. गोरोगोरोत ही बंधनं आहेत. दोबुत्सुत दुहेरी पिल्लांनाही मुभा आहे आणि पिल्लू उतरवून मात द्यायलाही, म्हणून तिथे फार रमलेल्याला पुढे जुनी सवय मोडावी लागते.

अक्षरं की चित्रं?

चित्रांचे मोहरे घ्यावेत, बाण काढलेले घ्यावेत की अस्सल अक्षरांचे? कुमोनचा एक संच मिळतो ज्यात प्रत्येक मोहऱ्यावर चालीचे बाण छापलेले आहेत. लहान मुलासाठी उत्तम. लिशोगी आणि ८१ दोजो या ऑनलाइन ठिकाणी अक्षरांऐवजी चित्रं निवडता येतात. पण मोठ्यांनी अक्षरांशीच दोस्ती करावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, कारण शोगीची पुस्तकं, कोडी, सामन्यांची थेट प्रक्षेपणं सगळी त्याच अक्षरांत आहेत. आणि अक्षरं आहेत तरी किती? साध्या बाजूला आठ, उलट्या बाजूला थोडी. शिवाय मोहऱ्यांचा आकार मदतीला असतो: राजा सर्वांत मोठा, प्यादी सर्वांत लहान.

इथेच गोरोगोरोचा आणखी एक फायदा आहे. नेहमीच्या शोगी संचातले राजा, दोन सोनं, दोन चांदी, तीन प्यादी उचला, पुठ्ठ्यावर ५ गुणिले ६ चा पट आखा, झालं. चारच अक्षरं ओळखायची. ती नजरेत बसली की मोठ्या पटावर नवी फक्त चार येतात: हत्ती, उंट, घोडा, भाला. वेगळा संच विकत घ्यायची गरजही नाही.

म्हणजे घरात लहान मूल असेल तर दोबुत्सु आणा आणि ते कंटाळेपर्यंत खेळा. तुम्हाला बुद्धिबळ येत असेल तर एक संध्याकाळ १२ घरं, दोन आठवडे ३० घरं अस्सल अक्षरांनिशी, आणि मग ८१. शिकवणारं कोणी जवळ असेल तर थेट ८१ वर बसा, पण बरोबरीने नको. शोगीत जाणत्याने आपले मोहरे काढून ठेवून खेळायची जुनी, मानाची रीत आहे. पहिले काही महिने त्याला हत्ती, उंट, दोन्ही घोडे आणि दोन्ही भाले असे सहा मोहरे काढून ठेवायला सांगा. त्याच्याकडे राजा, सोनं, चांदी आणि प्यादी उरतील, म्हणजे गोरोगोरोचीच ओळखीची फौज, आणि पहिली चाल त्याची असेल.