नदीच्या पातळीचं ॲप पावसाळाभर वापरलं, आता बोलतो

नदी धोक्याच्या पातळीच्या किती जवळ ते दाखवणारे हिरवे-पिवळे-केशरी-लाल ठिपके वगैरे सगळ्यांना माहितीयत, ते परत सांगत नाही. मला ॲप एकाच कामाला पाहिजे होतं, सड्याखालच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठाराखालच्या गुहेत जायचं तर वाटेतला पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडायला लागतो, त्याला पाणी किती ते घरबसल्या कळावं. परवा ठिपका हिरवागार, आणि जाऊन बघतो तर पऱ्याला मांडीभर पाणी, गुहेच्या तोंडातूनपण धार. आल्या पावली परत. पेट्रोल कोण देणार?

राग आहे तो चिपळूणच्या आकड्यावर. तिथल्या वाशिष्ठी नदीची धोक्याची पातळी 7 मीटर, आकडा बराच खाली म्हणून हिरवा, पण तो हिरवा फक्त पूर येतोय का एवढंच सांगतो. त्यात या नदीला कोयनेचं अवजल, वीज करून सोडलेलं पाणी, म्हणजे विजेची मागणी वाढली, जनित्रं फिरली की आभाळ कोरडं असलं तरी पाणी वाढणार, वर गोवळकोटला भरती लागली की ते तुंबणार. आमच्या पऱ्याचा यातल्या कशाशी काय संबंध? लोकांनी घरात एसी लावायचे आणि मी इकडे दोरी बॅगेत भरू की नको म्हणून ग्राफ बघत बसायचं!

काढूनच टाकणार होतो. मग खेडच्या जगबुडी नदीचा ग्राफ बघायला लागलो, तिला कोयनेचं लचांड नाही, आणि मत जरा बदललं. आकडा सोडा, रेघ बघा. रेघ खडी चढली की सह्याद्रीत आत्ता ओततोय, घरीच बसा. उतरली तरी लगेच निघू नका, कारण जांभा पाणी मुरवतो आणि खालच्या शेडूवरून, म्हणजे चिकणमातीच्या थरावरून ते गुहेत पाझरत राहतं, नदी ओसरली तरी. म्हणून सोबत आपल्या महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या गावांचा, दिवसाचा पाऊस बघायचा. 64.5 मिमीच्या वर गेला तर मी त्या दिवशी नावच काढत नाही. फक्त तो आकडा सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा असतो हां, दहाला कोसळलेला त्यात नसतो.

तरी पऱ्याचं नेमकं पाणी ॲप सांगत नाही ते नाहीच. शेवटी पऱ्यावरच्या साकवाच्या खांबावर खिडक्यांच्या उरलेल्या ऑइलपेंटने पट्टे मारले, आणि निघायच्या आधी पलीकडच्या वाडीतल्या काकींना फोन, "काकी, दुसरा पट्टा दिसतोय काय?" खर्च शून्य. काकी कधीकधी फोन उचलत नाहीत, तेव्हा ॲप उघडतो, म्हणून तीन स्टार.