मुळंच नसलेली झाडं विकतायत, घरात ठेवायला झाडं घेणाऱ्यांनी हे वाचा

कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या पट्ट्यात हायवेच्या कडेला टेम्पो लावून "घरात ठेवायची, कधीच न मरणारी झाडं" विकणारं कोणी दिसलं तर पैसे काढायच्या आधी एकच सांगा, झाड कुंडीतून बाहेर काढून मुळं दाखवा. टाळाटाळ करायला लागले तर तिथूनच मागे फिरा. आम्ही आईच्या फ्लॅटसाठी अशाच एका टेम्पोवरून झाडं घेतली, पैसे गेले ते गेलेच, पण मला खरा राग येतोय तो वेगळ्याच गोष्टीचा, ही झाडं आपल्यामुळे मेली असं माझ्या आईला कितीतरी दिवस वाटत राहिलं. म्हणून सगळं लिहून काढतेय, लांबलंय जरा, पण वाचा.

आईचा सगळा जन्म गावच्या घरात गेला. परसात अबोली, अनंत, अळू, ओवा, माडाच्या आळ्यात हळद, पोफळीवर मिरवेल, सगळं तिच्या हातचं. गुडघे फारच दुखायला लागले तेव्हा तिला कुडाळला फ्लॅटवर आणलं, तिथे एक हॉल, एक खिडकी आणि वीतभर बाल्कनी. जमिनीत झाड लावणं वेगळं आणि घराच्या आत कुंडीत झाड जगवणं वेगळं, त्यातलं तिला काहीच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, म्हणून सोपी, नवशिक्याला जमतील अशी झाडं हवी होती.

टेम्पोवरचा माणूस बोलायला एकदम गोड. "काकी, ह्याला काय करायचंच नाही, महिन्यातनं एकदा पाणी दिलंत की झालं." उभ्या, तलवारीसारख्या पानांचे स्नेक प्लांट दोन, जाड काड्यांवर चकचकीत पानं असलेलं झेडझेड प्लांट एक, एक फूल आलेला कॅक्टस आणि एक निळ्या रंगाचा, जाड रसाळ पानांचा सक्युलंट असा पाच झाडांचा सेट बावीसशेला. पांढऱ्या चकचकीत कुंड्या, वर पांढरे खडे एकदम टाईट बसवलेले. आईला चालताना धाप लागते हे त्याने बघितलं आणि लगेच सुरू झाला, नासाने सांगितलेली झाडं आहेत, रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतात, बेडरूममध्ये ठेवा, काकींना फरक पडेल. कार्डावर मागे सहा महिन्यांची गॅरंटी लिहून दिली, व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला आणि "गॅरंटीसाठी लागतो" म्हणून आईचा नंबर लिहून घेतला. हा नंबर पुढे कशासाठी वापरला ते सांगतेच.

नासाचं आधी सांगून टाकते कारण हे सगळीकडेच सांगतात. नासाचा तो अभ्यास 1989 चा, छोट्या सीलबंद पेट्यांमध्ये झाडं ठेवून केलेला. आपल्या घराला दारं-खिडक्या असतात, हवा सारखी बदलत असते. 2019 मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात निघालं की साध्या घरात हवा जेवढी आपोआप बदलते तेवढं काम झाडांनी करायचं तर एका चौरस मीटरला 10 पासून 1000 पर्यंत झाडं लागतील. आणि स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो हे खरं आहे पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच. म्हणजे धाप लागणाऱ्या माणसाला या नावावर झाड विकणं ही सरळ सरळ फसवणूक आहे. झाड सुंदर दिसतं म्हणून घ्या, बरं वाटतं म्हणून घ्या, औषध म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

तर झाडं घरी आली. बरेच दिवस सगळं हिरवंगार. आई सांगितल्याप्रमाणेच पाणी घालायची, मोजून, वाटीने. मग निळ्या सक्युलंटचा रंग पाण्याबरोबर खाली उतरायला लागला, मधून जी नवीन पानं आली ती साधी हिरवी. कॅक्टसचं फूल ना उमलत होतं ना कोमेजत होतं, हात लावून बघितलं तर सुकवलेलं कागदी फूल गरम गोंदाने चिकटवलेलं, खाली गोंदाचा थेंब तसाच होता. त्यानंतर झेडझेडची एक काडी पिवळी पडून आडवी झाली, मग दुसरी, आणि स्नेक प्लांटची पानं बुडाशी मऊ होऊन वास मारायला लागली. आई रडकुंडीला आली. "माझ्या हाताक आता गुण नाय रवलो" असं म्हणाली, आणि तुम्हाला सांगते, जिने आयुष्यभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना रोपं करून दिली तिच्या तोंडून हे ऐकणं मला सहनच झालं नाही.

मी सरळ खडे उपटून काढले. गोंदाने एकमेकांना चिकटवलेले, त्यांचा अख्खा थर झाकणासारखा निघाला. खाली ओलाकिच्च कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्याच्या खाली थर्माकोल आणि कुंडीला खाली भोकच नाही. स्नेक प्लांट उचललं तर अलगद हातात आलं, कारण ते झाड नव्हतंच, मोठ्या झाडाची पानं सुरीने कापून चार-चार एकत्र खोचलेली, तळाशी सरळ काप, एक मूळ नाही. झेडझेडचं तेच. झेडझेडला मातीखाली बटाट्याएवढा गड्डा असतो, त्यात ते पाणी साठवतं, त्याच्याच जिवावर ते महिनोन्महिने टिकतं. आमच्या कुंडीत गड्डा नव्हता, नुसत्या काड्या होत्या.

आता यातली खरी चलाखी बघा. स्नेक प्लांट आणि झेडझेड नवशिक्यांना सोपे का, तर पानात, देठात, गड्ड्यात पाणी धरून ठेवतात, विसरलात तरी मरत नाहीत. आणि नेमकं याच कारणासाठी ही झाडं फसवणाऱ्याच्याही कामाची. जास्वंदीची फांदी मुळाशिवाय खोचली तर दोन दिवसांत मान टाकेल, गिऱ्हाईक परत येऊन भांडेल. स्नेक प्लांटचं कापलेलं पान मात्र कित्येक आठवडे हिरवं राहतं, तोवर टेम्पो कुठल्या कुठे गेलेला असतो. आणि शेवटी ते कुजतं तेव्हा काय सांगायचं तेही ठरलेलं, पाणी जास्त घातलंत. घरातली झाडं मरायचं सगळ्यात मोठं कारण जास्त पाणी हेच आहे हे सगळ्यांना माहीत असतं, नवीन माणसाला स्वतःवर भरवसा नसतो, तो मान खाली घालून गप्प बसतो. यांचा सगळा धंदा त्या गप्प बसण्यावर चालतो.

मी फोन केला तर शब्दशः हेच उत्तर, "ताई, पाणी जास्त झालं असणार, गॅरंटीत ते बसत नाही." मुळांचे फोटो पाठवले, म्हणजे नसलेल्या मुळांचे, तर साडेतीनशेचं रूट टॉनिक घ्या म्हणाला. मी पोलिसांचं नाव काढलं तसा आवाज बदलला, बघतो म्हणाला आणि फोन ठेवला. मग मी ऑफिसात असताना दुपारी आईला वेगळ्याच नंबरवरून फोन. काकी, तुमचे पैसे परत करतोय, क्यूआर कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होतील. आईने टाकला, 2200 गेले. लगेच परत फोन, चुकून उलटे गेले, आता दोन्हीचे मिळून देतो, परत पिन टाका. 4400 गेले. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की तुमच्या खात्यातून पैसे जाणार, हे घरातल्या वयस्कर माणसांना आजच बसवून नीट सांगा. संध्याकाळी कळल्या कळल्या मी 1930 ला फोन लावला, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे आणि जेवढ्या लवकर कळवाल तेवढी पैसे पुढच्या खात्यात अडकवता यायची शक्यता जास्त. नंतर पोलीस स्टेशनला जाऊन लेखी दिलंय. पैसे अजून आलेले नाहीत. झाडांच्या पैशांसाठी ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे पण बिल मागतात आणि टेम्पोवाला बिल देत नाही, त्यामुळे निदान गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो तरी काढून ठेवा.

आणि एक सांगा, आपण कोकणातली माणसं आंब्याचं कलम घेताना काय करतो? जोड कुठे आहे बघतो, पिशवी फाडून सोटमूळ वाकलंय का बघतो, काजूची कलमं घ्यायला वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रापर्यंत जातो कारण तिथे जातीची खात्री असते. मग घरातलं झाड घेतानाच ही नजर कुठे जाते? तेच सगळं इथे करायचं. बुडाशी धरून हलकेच वर ओढा, मुळं धरलेलं झाड मातीला घट्ट असतं, खोचलेलं सैल हलतं. कुंडीला खाली भोक आहे का, त्यातून एखादं मूळ डोकावतंय का ते बघा. खडे बाजूला होतात का बघा. पानांवर तेलकट चमक असेल तर ओल्या फडक्याने पुसा, रंग लागला तर सोडून द्या. नवीन कोंब फुटतोय असं झाड घ्या, त्याला मुळं असण्याची शक्यता जास्त.

खरं तर सुरुवातीला विकत घ्यायची गरजच नाही. आपल्याकडे गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला स्नेक प्लांट माजलेलं असतं, एखादा कोंब मुळासकट खणून मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. मनी प्लांट तर माडावर चढून हातभर पानांचा झालेला बघतोच आपण. त्याची एक फांदी गाठीच्या खाली कापून पाण्याच्या बाटलीत ठेवा, मुळं गाठीलाच फुटतात, गाठ नसलेलं नुसतं पान ठेवलं तर वेल होत नाही. पुढे ते पाण्यातही राहतं नाहीतर कुंडीत लावा. फक्त घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनी प्लांट, झेडझेड दोन्ही उंचावर ठेवा, चावलं तर तोंडाची आग होते.

आणि पाण्याचं जे महिन्यातनं एकदा वगैरे सांगतात ते इथे धरून चालू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या हवेत एवढा दमटपणा असतो की कपडे वाळत नाहीत तर कुंडी कुठे वाळणार, त्या दिवसांत स्नेक प्लांट, झेडझेडला महिना महिना पाणी नाही दिलं तरी चालतं आणि एप्रिल-मे मध्ये खिडकीत ऊन येत असेल तर लवकर लागेल. बोट दोन पेरं मातीत घाला, खाली ओल लागली तर पाणी नको, एवढंच बघायचं. आपली लाल माती एकटी कुंडीत भरू नका, ती दाबून बसते, तिच्यात नदीची वाळू, भाताचं तूस, नारळाच्या सोडणांचा भुसा मिसळा. समुद्राची वाळू नको, खारी असते. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खाऱ्या वाऱ्याने बाल्कनीतल्या पानांच्या कडा जळतात, अशी झाडं थोडी आत घ्या आणि पानं मधून मधून साध्या पाण्याने धुवा.

आईकडे आता गावच्या घरच्या गडग्यावरचं स्नेक प्लांट आहे, काकूने मुळासकट पाठवलं, भोकाच्या कुंडीत मीच लावलं पण पाणी आईच घालते आणि त्याला नवा कोंब आलाय. आईला मी त्या टेम्पोवरच्या पानाचा सुरीचा काप हातात धरून दाखवला तेव्हा कुठे तिला पटलं की तिचा काही दोष नव्हता.

तुमच्या घरी अशी पांढऱ्या खड्यांची कुंडी असेल तर आजच उपटून बघा. पानं अजून कडक असतील तर वाचवता येतात. कुजलेला भाग कापून टाका, कापलेली बाजू सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्या आणि जास्त वाळूच्या मातीत भोकाच्या कुंडीत खोचा. मुळं धरायला महिने लागतात, घाई करून पाणी घालू नका. पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट असेल तर कापलेल्या पानापासून येणारं नवं रोप साधं हिरवंच येतं, पिवळा काठ येत नाही, तेव्हा ते तुमच्यामुळे झालं असं समजू नका. झेडझेडच्या काड्या पाण्यात ठेवल्या तरी चालतील, गड्डा धरायला खूप वेळ घेतात. आणि याच भागात टेम्पोवरून घेतलेली असतील तर कार्ड, मेसेज, मुळांचे फोटो घेऊन तुमच्या पोलीस स्टेशनला तक्रार द्या, माझ्या एकटीच्या तक्रारीपेक्षा पाच-दहा जणांच्या तक्रारींकडे जास्त लक्ष जाईल.