हॉथॉर्नच्या निवडक कथा: कथांना पैकीच्या पैकी, संपादकाला काठावर पास

मुखपृष्ठावर शिंगं असलेला सैतान छापलाय. पहिला गुण तिथंच गेला. अमेरिकन कथाकार नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या 'यंग गुडमन ब्राउन'मध्ये (१८३५) तरुण ब्राउनला रात्री रानात भेटणारा सैतान साध्या कपड्यांतला, वयस्कर, ब्राउनचा बापच शोभावा असा आहे. शिंगं दिसली असती तर ब्राउन दोन पावलांतच माघारी फिरला असता.

माझं काम कोर्टात साक्षी टिपण्याचं. त्यामुळे गोष्ट वाचतानाही 'हे कोणी पाहिलं, किती उजेडात पाहिलं' असं मनात येतंच. हॉथॉर्न या खोडीला भरपूर खाद्य पुरवतो. ब्राउन रानातल्या सैतानी मेळाव्यापर्यंत जातो आणि गावातली भली माणसं तिथं पाहतो. सैतानाची काठी सापासारखी वळवळते, पण निवेदक लगेच म्हणतो, अंधुक उजेडात नजर फसली असेल. आभाळातून गुलाबी फीत तरंगत येते, फांदीला अडकते आणि ब्राउन ती हातात घेतो. बायकोची, फेथचीच! मुद्देमाल सापडला म्हणायचा, तर सकाळी फेथ गावात धावत सामोरी येते ती टोपीवर गुलाबी फिती मिरवतच. रात्री पेटलेली डहाळी आता त्याच्या गालावर थंडगार दव शिंपडते. उलटतपासणीत हा साक्षीदार पाच मिनिटं टिकायचा नाही. तरी तेवढ्या भरवशावर तो बायकोपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना दोषी धरतो आणि मरेपर्यंत कुढत राहतो.

प्रस्तावनाकार मात्र 'हे सारं स्वप्न' असं ठोकून देऊन मोकळे. लेखकाने मुद्दाम उघडा ठेवलेला प्रश्न यांनी परस्पर निकाली काढला.

टिपा त्याहून निराश करतात. ब्राउनचं गाव सेलम अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, हे दोनदा सांगितलंय. पण १६९२मध्ये तिथल्या कोर्टाने चेटूक केल्याच्या खटल्यांत 'आरोपीची आकृती माझ्यापुढे आली, तिने मला छळलं' असल्या साक्षी ग्राह्य धरल्या, १९ जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं, यातलं अक्षर नाही. आरोपींची तपासणी घेणाऱ्या न्यायाधीशांपैकी जॉन हॅथॉर्न हा लेखकाचा खापरपणजोबा. त्या खटल्यांत सेरा क्लॉइस तुरुंगात गेली, तिच्या दोन्ही बहिणी फासावर गेल्या. कथेत रानातल्या मेळाव्याला निघालेली धार्मिक म्हातारी कोण? गुडी (म्हणजे बाई) क्लॉइस! ब्राउनने तिला 'पाहिलं', तसंच त्या कोर्टानेही पाहिलं होतं. एवढी टीप हवीच होती.

'द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल' (१८३६) मला थोडी जास्तच आवडली. पाद्री हूपर काळं क्रेप तोंडावर ओढून येतो, फक्त ओठ आणि हनुवटी दिसते, श्वासासरशी कापड हलतं. प्रवचनाचा विषय लपवलेलं पाप, आणि बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला वाटतं की आपलंच उघडं पडलं. हूपरने काय केलं होतं, हे शेवटपर्यंत कळत नाही. या कथेला स्वतः हॉथॉर्नची तळटीप आहे: अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या यॉर्क गावच्या मूडी नावाच्या पाद्र्याच्या हातून तरुणपणी चुकून मित्र मारला गेला, तेव्हापासून त्याने चेहरा झाकला, हूपरच्या पडद्याचा अर्थ मात्र वेगळा. संपादकाने स्वतःच्या टिपा ठेवल्या आणि लेखकाची गाळली!

छपाई स्वच्छ, अक्षर डोळ्यांना सोसवेल असं, बांधणी ठीक. घ्यायला हरकत नाही, फक्त प्रस्तावना शेवटी वाचा. हॉथॉर्नची 'द मेपोल ऑफ मेरी माउंट' ही कथा यात नाही. पुढच्या आवृत्तीत प्रस्तावनेला कात्री लावून ती घ्यावी.