जिमचा लाउंज रिकामा, कूलरपाशी गर्दी

जिम निवडताना लोक ट्रेडमिल मोजतात आणि डंबेल किती किलोपर्यंत आहेत ते विचारतात. प्रत्यक्ष वजन हातात किती वेळ असतं, हा हिशेब कुणी मांडत नाही. जड स्क्वॉटचे, म्हणजे वजन घेऊन काढलेल्या बैठकांचे, 5 सेट घ्या. एक सेट साधारण 40 सेकंदांचा, म्हणजे सगळे मिळून 3 मिनिटं 20 सेकंद. मधे 4 वेळा 3-3 मिनिटांची विश्रांती, म्हणजे 12 मिनिटं. पंधरा मिनिटांतली बारा मिनिटं माणूस कुठेतरी टेकलेला, उभा किंवा घुटमळत असतो. त्या ‘कुठेतरी’चं हे परीक्षण आहे.

सुरुवात सगळ्यांना छळणाऱ्या प्रकारापासून करू. लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, बसून मोबाइल चाळणारा माणूस. त्याला शिस्त नाही असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मान वर करून बघा, त्या भागात टेकायला दुसरं काही असतं का? बहुतेक जिममध्ये वजनांच्या विभागात मशीनची सीट हीच एकमेव सीट असते. पाय थरथरताहेत, पुढचा सेट तीन मिनिटांनी आहे, मग माणूस जिथे आहे तिथेच बसणार. भिंतीलगत 45 ते 50 सेंटिमीटर उंचीचं साधं बाक टाकलं, तर यातली बरीच भांडणं आपोआप मिटतात. उंची यापेक्षा कमी ठेवू नये. पायांच्या व्यायामानंतर खोल सोफ्यातून उठणं म्हणजे न मागितलेला आणखी एक सेट.

आता त्या सोफ्याचंच बघू. रिसेप्शनपाशी ‘मेंबर्स लाउंज’ नावाचा जो कोपरा असतो, त्यावर सगळ्यात जास्त खर्च झालेला असतो आणि तिथेच सगळ्यात कमी माणसं बसतात. तो व्यायामाच्या जागेपासून लांब असतो, त्यामुळे तिथे मुद्दाम जावं लागतं, आणि मुद्दाम जायला काही कारण नसतं. त्यात एसीची हवा. व्यायामासाठी 20 ते 22 अंश तापमान छान असतं, पण तेच तापमान ओल्या टी-शर्टमध्ये स्वस्थ बसलेल्या माणसाला गार लागतं. शरीराने उष्णता निर्माण करणं कमी केलेलं असतं, कपड्यातला घाम मात्र वाळत राहतो आणि अंगातली ऊब ओढत राहतो. एसीचा झोत थेट सोफ्यावर येत असेल तर दहाव्या मिनिटाला माणूस उठलाच समजा. शिवाय सोफे जड असतात, एका रांगेत असतात. अनोळखी माणसाशेजारी मांडीला मांडी लावून, तेही घामाघूम अवस्थेत, कोण बसेल? शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी 1970च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांत लोक कसे बसतात ते कॅमेऱ्याने टिपलं. त्यात एक गंमत दिसली: खुर्ची हलवता येत असेल तर माणूस बसण्याआधी ती चार बोटं का होईना सरकवतोच, गरज असो वा नसो. सरकवली की जागा आपली होते. दोन जड सोफ्यांच्या पैशांत सहा हलकी स्टुलं येतात, आणि जिममध्ये तीच जास्त वापरली जातील. लाउंजला आमच्याकडून पाचपैकी दीड.

पाणवठा मात्र पाणवठाच. कूलरचा नळ मिनिटाला दीड लिटर पाणी सोडत असेल, तर 750 मिलिलिटरची बाटली भरायला अर्धा मिनिट लागतो. पुढे तीन जण असले तर दीड मिनिट. एवढ्यात ओळख वाढत नाही, पण “आज गर्दी आहे” एवढं बोलून होतं. उद्या त्यावर आणखी एक वाक्य चढतं. इथे थांबायला निमित्त लागत नाही, बाटली हेच निमित्त. बोलायचं नसेल तर बाटली भरली की निघता येतं, आणि त्यात कुणाला वाईटही वाटत नाही. सोफ्यावरून असं उठता येत नाही. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 साली विद्यार्थ्यांच्या एका वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिन्याच्या पायथ्याशी आणि टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी इतरांपेक्षा जास्त निघाल्या, कारण येता-जाता सगळे तिथूनच जायचे. जिममधली टपालपेटी म्हणजे कूलर.

पण तो चुकीच्या जागी बसवला की सगळं मुसळ केरात. सव्वा मीटर रुंदीच्या बोळात कूलर असेल तर दोघे उभे राहिले की तिसऱ्याचा खांदा लागतो आणि तिघेही वैतागतात. पावणेदोन-दोन मीटर रुंदी असेल तर बोलणारे बोलतात, जाणारे जातात. स्वच्छतागृहाच्या दाराला खेटून कूलर असला तर लोक श्वास रोखून पाणी भरतात आणि पळतात. खाली सांडपाण्याचा ट्रे आणि रबरी मॅट हवी, नाहीतर ओल्या टाइलवर बूट घसरतो. आणि फिल्टर. तो चोंदला की धार बारीक होते, अर्ध्या मिनिटाचं काम दोन मिनिटांवर जातं, आणि रांगेतल्या गप्पांची जागा उसासे घेतात. धार बारीक दिसली तर तडक रिसेप्शनला सांगा.

स्ट्रेचिंगचा कोपरा ही जिममधली सगळ्यात चांगली जागा, यात आम्हाला शंका नाही. दमछाक झाल्यावर लगेच बसू नये, आधी तीन ते पाच मिनिटं सावकाश चालावं. एकदम थांबलं की पायांतलं रक्त वर ढकलणारी स्नायूंची हालचाल बंद होते, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. त्यानंतर मॅटवर. पाच स्नायू, दोन्ही बाजू, प्रत्येक ताण 30 सेकंद, दोनदा: दहा मिनिटं झाली. ही दहा मिनिटं हातापायांना काम असतं आणि तोंड मोकळं असतं. दोघे शेजारी बसून एकाच दिशेला बघत बोलू शकतात, डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नाही. शंभर किलो उचलणारा आणि काल नाव घातलेला, दोघेही जमिनीवर, पायाचा अंगठा पकडायच्या खटपटीत. मूडही चांगला असतो. त्याचं श्रेय सरसकट एंडॉर्फिन या शरीरातल्या वेदनाशामक रसायनाला दिलं जातं, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. मध्यम गतीने धावल्यावर शरीरात वाढणारं आनंदमाइड हे दुसरं रसायन मात्र शिरतं, त्यामुळे संशोधकांचं लक्ष हल्ली तिकडे जास्त आहे. नावातला आनंद हा आपला संस्कृतमधलाच.

या कोपऱ्यात बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. मॅट साधारण 180 बाय 60 सेंटिमीटरची असते. दोन मॅटमध्ये हातभर अंतर हवं. एका बाजूला पाठ टेकायला भिंत हवी, आरसा चारही बाजूंना नको. व्यायाम करताना आरसा कामाचा, पण दमून बसल्यावर स्वतःचा लालबुंद चेहरा कुणाला बघायचा असतो? डंबेलची रॅक अगदी जवळ असेल तर संध्याकाळी लोक मॅटवरच लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकायचा व्यायाम) काढतात आणि बसलेल्यांना डोकं सांभाळावं लागतं. सफाईत एक चूक सर्रास होते: फवारलं आणि लगेच पुसलं. जंतुनाशक त्याच्या बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभागावर ओलं राहावं लागतं, काहींचा वेळ दहा मिनिटांपर्यंत असतो. आधी घाम पुसायचा, मग फवारायचं, मग थांबायचं. रेक्झिनवर रोज स्पिरिट चोळलं तर त्याला भेगा पडतात, भेगेतून घाम फोममध्ये उतरतो, आणि तो वास कशानेच जात नाही.

आवाज हा छुपा खलनायक. साधं बोलणं मीटरभरावरून 60 डेसिबलच्या आसपास असतं. गाणी 85 वर असतील तर बोलण्यासाठी ओरडावं लागतं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार यांनी 1911 सालीच नोंदवलं होतं. एकाने चढवला की शेजारचाही चढवतो आणि दहा मिनिटांत सगळे गप्प होऊन कानात इअरफोन घालतात. उपाय स्वस्त आहे: स्ट्रेचिंगच्या आणि कूलरच्या डोक्यावरचा स्पीकर बंद करायचा.

लॉकर रूमच्या बाकाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कोरडं असावं, लॉकरचं दार उघडल्यावर बसलेल्याच्या कानाला लागू नये, बस्स.

स्टीमला, म्हणजे वाफेच्या खोलीला, पाचपैकी तीन. स्टीम साधारण 40 ते 50 अंशांवर आणि पूर्ण दमट, तर सॉना 70 ते 100 अंशांवर पण कोरडी. दोन्हींत मोबाइल नेता येत नाही, म्हणून गप्पा रंगतात. त्यामुळेच लोक जास्त वेळ बसतात आणि उठताना भोवळ येते. व्यायामानंतर दहा मिनिटं थांबून, पाणी पिऊन आत जावं आणि दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावं. सॉनात वरची पायरी जास्त तापते, नवख्यांनी खालच्या पायरीवर बसावं. स्टीमचं छत उतरतं आहे का तेही बघा. सपाट असेल तर साचलेलं पाणी थेंब थेंब डोक्यावर पडतं.

ट्रायलला जाल तेव्हा दुपारी रिकाम्या वेळी जाऊ नका. संध्याकाळी सातला जा, बाटली घेऊन कूलरपाशी दहा मिनिटं उभे राहा. भरलेली बाटली हातात धरून किती जण अजून तिथेच आहेत ते मोजा, मग फीचं विचारा.