शब्दशोधक ॲप: शोध चोख, यादी बेभरवशाची

या ॲपच्या वार्षिक सदस्यत्वाचे पैसे दुसऱ्यांदा खात्यातून कापले गेले आणि त्याच आठवड्यात क्लबमधील स्क्रॅबलच्या डावात याच ॲपच्या भरवशावर केलेले माझे चॅलेंज (प्रतिस्पर्ध्याचा शब्द अग्राह्य असल्याची हरकत) फसले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. ॲनाग्राम (अक्षरांची अदलाबदल करून होणारे शब्द), ब्लँकसह म्हणजे कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या कोऱ्या टाइलसह शोध, गुणांची बेरीज या सोयी कोणत्याही शब्दशोधकात मिळतात. मी पैसे मोजले ते एकाच सोयीसाठी: सलग येणारी दोन-तीन अक्षरे द्यायची आणि ती ज्या इंग्रजी शब्दांत त्याच क्रमाने येतात, ते सर्व शब्द मिळवायचे.

ही सोय खरोखरच उत्तम आहे. ‘एच-एच’ दिले की विथहोल्ड, फिशहुक, बाथहाउस, हिचहाइक असे शब्द येतात आणि दोन शब्दांच्या सांध्यावरच ही जोडी जमते हे यादी पाहता पाहता लक्षात येते. ‘डब्ल्यू-डब्ल्यू’च्या यादीत ग्लोवर्म आणि स्लोवर्म हेही सांध्याचेच शब्द, पण त्यांच्या शेजारी चक्क आपली कव्वाली बसलेली दिसते. ती कॉलिन्सच्या, म्हणजे स्क्रॅबल स्पर्धांसाठीच्या शब्दयादीत ग्राह्य आहे, तिच्या स्पेलिंगमध्ये क्यूनंतर यू येत नाही आणि सातही टाइल एकाच चालीत लावता आल्या, तर मूळ 22 गुणांवर बिंगोचे, म्हणजे सगळ्या टाइल लावल्याचे जादा 50 मिळतात. ‘जी-आर-वाय’ने संपणारा तिसरा शब्द कोणता, या कोड्याने 1970च्या दशकात अमेरिकेत अनेकांना छळले होते. अँग्री आणि हंग्री सर्वांनाच सुचतात. ॲपने त्यांच्यासोबत ‘पग्री’ दाखवला, म्हणजे इंग्रजांनी उचललेली आपली पगडीच. भूक आणि राग यांच्या जोडणीतून झालेला ‘हँग्री’ तर 2018 साली ऑक्सफर्डच्या कोशातही दाखल झाला आहे.

सुरुवातीला मला एका गोष्टीचा फार राग येत असे. ‘व्ही-व्ही’ शोधले की सॅव्ही, सॅव्हीड, सॅव्हीज, सॅव्हीअर, सॅव्हीएस्ट असा एकाच शब्दाचा गोतावळा समोर येतो आणि चिव्ही, नॅव्ही, स्किव्ही हे नवे शब्द त्या गर्दीत हरवतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मी याच कारणासाठी दोन तारे दिले असते. आता मात्र मी हा दोष मानत नाही, कारण पटावर शब्दाला पुढे काय जोडता येते यावरच निम्मा खेळ अवलंबून असतो, आणि सॅव्ही हे क्रियापदही आहे हे मला त्या गोतावळ्यामुळेच कळले. माझा भाचा बॉम्बपार्टी खेळतो. तिथे पडद्यावर आलेला अक्षरसमूह असलेला शब्द बॉम्ब फुटण्याआधी टाइप करावा लागतो, त्यामुळे सरावाच्या वेळी त्याला हा गोतावळा नकोच असतो. त्याच्यासाठी निदान मूळ शब्दच दाखवण्याचा पर्याय द्यायला हवा होता.

खरा दोष वेगळा आहे आणि तो अक्षम्य आहे. प्रत्येक अपडेटनंतर हे ॲप काहीही न सांगता उत्तर अमेरिकेच्या शब्दयादीवर परत जाते. आपल्याकडील स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर होतात. त्या यादीत सुमारे 2,80,000 शब्द आहेत, तर अमेरिकी यादीत दोन लाखांच्या आत. दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये 127 आणि तिकडे 107. हा वीस शब्दांचा फरक किरकोळ वाटेल, पण अटीतटीचा शेवट याच शब्दांवर ठरतो. प्रतिस्पर्ध्याने ‘झो’ लावला. याक आणि गाय यांच्या संकरातून जन्मलेल्या जनावराचे ते नाव आहे आणि कॉलिन्समध्ये ते ग्राह्य आहे. आदल्या रात्रीच ‘झेड-ओ’चा सराव करताना ॲपने तो अग्राह्य दाखवला होता, म्हणून मी बिनधास्त चॅलेंज केले. आमच्या क्लबच्या नियमाप्रमाणे फसलेल्या चॅलेंजचे पाच गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतात. तो डाव मी तीन गुणांनी हरलो.

ग्राहक सेवेला लिहिल्यावर आधी यंत्राने दिलेले उत्तर आले, मग ॲप काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला. तसे केल्यावर यादी पुन्हा अमेरिकीच निघाली आणि शिवाय जपून ठेवलेले माझे सगळे शोध पुसले गेले. परताव्याच्या मागणीवर ‘मुदत संपली आहे’ एवढेच कळवण्यात आले. निवडलेली यादी लक्षात ठेवणे ही काही मोठी तांत्रिक करामत नव्हे. निदान कोणती यादी चालू आहे, ते शोधाच्या चौकटीवर ठळक लिहिता आले असते. सध्या ते सेटिंग्जमध्ये चौथ्या पायरीवर दडलेले आहे.

सदस्यत्वाची आपोआप होणारी वजावट मी बंद केली आहे. भरलेले पैसे वाया घालवणे जिवावर येत असल्यामुळे मुदत संपेपर्यंत ॲप वापरणार आहे, मात्र सरावाला बसण्यापूर्वी दर वेळी ‘झो’ टाइप करून पाहतो. तो ग्राह्य दिसला तरच पुढचा शोध. तारे तीन, यादी लक्षात ठेवू लागल्यास चौथा लगेच देईन.