पाटी नसलेल्या दुकानातले पाटे : एमजीबीच्या मागच्या सस्पेन्शनचे काम

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर ट्रकच्या गॅरेजांच्या रांगेत पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बांधून देणारे एक दुकान आहे. गंमत अशी, की पाट्यांच्या या दुकानाला पाटी नाही. माझी 1970 सालची एमजीबी मागून उजवीकडे झुकू लागली होती आणि प्रत्येक खड्ड्यात रबरी स्टॉपवर आदळत होती, म्हणून तिचे मागचे सस्पेन्शन मी येथे संपूर्ण उतरवून घेतले. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात तयार झालेली ही स्पोर्ट्स कार दिसायला नाजूक असली, तरी मागच्या बाजूने ती ट्रकचीच धाकटी बहीण आहे: एकसंध ॲक्सल, दोन्ही बाजूंना लांब पाटे, त्यांचे पुढचे टोक बॉडीला पक्के आणि मागचे शॅकलवर (हलत्या लोखंडी कडीवर) झुलते. त्यामुळे शोरूमसारख्या चकचकीत गॅरेजपेक्षा हेच दुकान योग्य, असा माझा अंदाज होता आणि पाट्यांपुरता तो खरा ठरला.

वयस्कर मिस्त्रींनी पाटे सुटे करून तारेच्या ब्रशने घासले आणि जमिनीवर खडूने बाकाची रेघ आखून एकेक पाटा तिच्यावर ठेवून पाहिला. उजव्या जोडातील एका पाट्याला, पाट्यांची चळत एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाशी केसाएवढी चीर होती. रंगाच्या थराखाली ती मला कधीच दिसली नसती. तो पाटा बदलला. बाकीच्यांना बाक देऊन, तेलात विझवून, पुन्हा मंद आचेवर तापवून त्यांनी रीतसर पाणी दिले. नुसते लाल करून ठोकलेले पाटे थोड्याच दिवसांत पुन्हा बसतात, हे मी पूर्वी दुसरीकडे पैसे मोजून शिकलो आहे.

पाट्यांच्या टोकांतील रबरी बुश (सांध्यातल्या नळ्या) बसवताना पोऱ्याने ग्रीस उचलले, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या हातून डबा काढून घेतला आणि साबणाचे पाणी पुढे सरकवले, कारण ग्रीसने रबर फुगून कुजते. इतकी जाण असलेल्या माणसाने शॅकलचे बोल्ट मात्र गाडी जॅकवर असतानाच पूर्ण आवळावेत, याचे मला आश्चर्य वाटले. तसे केल्यास गाडी खाली येताच बुश पिळले जातात आणि लवकर फाटतात. मी ते सांगताच, “बरोबर हाय साहेब, चुकलंच,” म्हणत त्यांनी वाद न घालता बोल्ट ढिले केले आणि चारही चाके जमिनीवर आल्यावर पुन्हा आवळले.

शॉकॲब्सॉर्बरच्या बाबतीत या दुकानाकडून अपेक्षा ठेवू नये. या गाडीचे शॉक नळीचे नसून तेलाच्या डबीतून बाहेर आलेल्या दांड्याचे आहेत आणि माझ्या दोन्ही डब्या दांड्यापाशी गळत होत्या. “हे आमचं काम न्हाई,” असे मिस्त्रींनी स्वच्छ सांगितले. दुरुस्त केलेली जोडी मी इंग्लंडहून मागवली आणि त्यांनी ती बसवली.

आठ दिवसांचा वायदा पाच आठवड्यांवर गेला आणि बिल म्हणून कागदाच्या चिटोऱ्यावर फक्त एक आकडा मिळाला. मजुरी किती आणि माल किती, हे विचारूनही कळले नाही. आकडा मात्र वाजवी होता. मागच्या दोन बाजूंच्या उंचीतील 28 मिलिमीटरचा फरक आता 4 वर आला आहे आणि तुळजापूरच्या रस्त्यावर गाडी वळणात मागून सरकत नाही. पाचशे किलोमीटरनंतर पाटे ॲक्सलला जखडणारे यू-बोल्ट पुन्हा आवळण्यासाठी गेलो, तेव्हा मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. अर्थात सकाळी दहाला बोलावून गाडीला हात लावला तो दुपारी साडेतीनला.