कॅटॅलिस्ट २९६०-एक्स: दुरून लॉगिनची व्यवस्था कितपत भरवशाची?

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत सिस्कोचा २४ पोर्टांचा कॅटॅलिस्ट २९६०-एक्स हा नेटवर्क स्विच (संगणक एकमेकांना जोडणारे उपकरण) वर्षभर वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. तो केवळ दुरून लॉगिन करण्याच्या व्यवस्थेपुरता आहे, कारण स्विच एकदा रॅकमध्ये बसला की प्रशासकाचा त्याच्याशी संबंध येतो तो बहुधा तेवढ्यासाठीच.

एसएसएच (दुरून सुरक्षित, सांकेतिक लॉगिन करण्याची पद्धत) सुरू करणे हे दहा मिनिटांचे काम आहे, मात्र क्रम चुकवून चालत नाही. डोमेननेम न देता त्यासाठी लागणारी आरएसए किल्ली (सांकेतिकीकरणाची किल्ली) तयार करायला गेल्यास स्विच सरळ नकार देतो. किल्लीच्या आकारासाठी कंसात सुचवलेला ५१२ हा आकडा एंटर दाबून स्वीकारू नये. एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीला किमान ७६८ बिट लागतात आणि आजच्या काळात २०४८ पेक्षा खाली उतरण्यात अर्थ नाही. व्हीटीवाय लाइनी (दुरून लॉगिन करण्याच्या वाटा) ० ते १५ अशा सोळा आहेत. पुष्कळ जण सवयीने ० ते ४ एवढ्याच बंदोबस्तात आणतात आणि उरलेल्या अकरा तशाच राहतात.

वापरकर्ता तयार करताना ‘सीक्रेट’ऐवजी ‘पासवर्ड’ हा शब्द वापरला, तर एन्क्रिप्शनची सेवा चालू असूनही तो टाइप ७ या कमकुवत सांकेतिक रूपात साठतो, जो कोणालाही क्षणात उलगडता येतो. ही सोय अजून का ठेवली आहे, हे मला उमगलेले नाही.

खरी कसोटी लागते ती ‘एएए न्यू-मॉडेल’ (लॉगिन तपासण्याची नवी पद्धत लागू करणारी आज्ञा) लिहिताना. स्थानिक वापरकर्ता न बनवताच मी ती आज्ञा दिली, चालू सत्र बंद केले आणि बाहेरच राहिलो. चूक सर्वस्वी माझीच होती. बदल जतन केलेले नसल्याने स्विच बंद-चालू करून निभावले, पण त्यासाठी तीन मजले चढावे लागले. आता आधी ‘रीलोड इन १०’ (दहा मिनिटांनी स्विच पुन्हा सुरू करण्याची आज्ञा) लिहितो आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन झाल्याची खात्री पटल्यावरच ते रद्द करतो. रेडियस सर्व्हर (लॉगिन तपासणारा मध्यवर्ती सर्व्हर) जोडल्यास तपासणीच्या यादीत त्याच्यामागे ‘लोकल’ (स्विचवरचेच वापरकर्ते) अवश्य ठेवावे, मात्र सर्व्हरकडून उत्तरच आले नाही तरच स्विच त्याकडे वळतो. सर्व्हरने नाकारलेल्या व्यक्तीला तो मार्ग खुला होत नाही, आणि ते योग्यच आहे.

या मालिकेची विक्री कंपनीने थांबवली असल्याने स्विच आता बहुधा वापरलेलाच मिळेल. पैसे देण्यापूर्वी ‘शो व्हर्जन’मध्ये इमेजच्या (स्विचच्या सॉफ्टवेअरच्या) नावात के९ आहे का ते पाहावे, कारण त्याविना एसएसएच मिळत नाही, आणि विक्रेत्याकडून कन्सोल केबलही (स्विचला थेट जोडून लॉगिन करण्याची) मागून घ्यावी.